सहा वर्षांचं पोर आणि यूए १६+

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला आणि एरवी मोबाइलवर आपापलं बघणारी घरंच्या घरं एकत्र थिएटरात गेली. आजी-आजोबा, आई-बाबा, आणि त्यांचं बोट धरून पहिली-दुसरीतली पोरं. कुणाच्या कपाळावर चंद्रकोर, कुणी थेट बालशिवाजीच्या वेशात. पिक्चर संपल्यावर हुंदके देत गर्जना करणाऱ्या मुलाचा व्हिडिओ त्या दिवसांत घरोघर फिरला आणि बघणाऱ्यांचा ऊर भरून आला. या पिक्चरच्या सर्टिफिकेटवर यूए १६+ असं छापलेलं होतं. ते वाचून घरी राहिलेली मुलं किती असतील, हा प्रश्नच आहे.

पालकांनाही सरसकट बोल लावण्यात अर्थ नाही. हा आकडा आपल्याकडे नवा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड सिनेमाला सर्टिफिकेट देतं. बराच काळ सर्वसाधारण सिनेमांसाठी दोनच अक्षरं होती: ‘यू’ सगळ्यांसाठी, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी. १९८३ मध्ये मधली पायरी आली, ‘यूए’. बारा वर्षांखालच्या मुलांनी बघायचा तर आईवडिलांनी आधी विचार करावा, एवढाच तिचा अर्थ. पण या एका जोडाक्षरात किरकोळ चावट विनोदापासून मुडदे पडणाऱ्या मारामारीपर्यंत सगळंच कोंबलं जाऊ लागलं, आणि हळूहळू यूए म्हणजे ‘चालतंय की’ असाच अर्थ लोकांनी काढला. श्याम बेनेगल समितीनं २०१६ मध्ये या यूएचे वयाप्रमाणे भाग पाडायला सुचवलं. कायद्यात दुरुस्ती झाली २०२३ मध्ये, नियम आले २०२४ मध्ये. तेव्हापासून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशा तीन पायऱ्या आहेत.

अमेरिकेत अशी मधली पायरी १९८४ मध्येच आली, आणि त्यात आपल्या अमरीश पुरींचा वाटा आहे! ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये त्यांचा मोलाराम जिवंत माणसाचं काळीज हातानं उपसून काढतो. मुलांना घेऊन गेलेले पालक भडकले. त्याच वर्षीच्या ‘ग्रेमलिन्स’वरही ओरड झाली आणि त्या उन्हाळ्यातच तिथे पीजी-१३ ही श्रेणी सुरू झाली.

आपल्याकडच्या आकड्याची एक गोम आहे. यूए १६+ असलं म्हणून सहा वर्षांच्या पोराला कुणी दारात अडवत नाही. कायद्यानं अडवायचं असतं ते फक्त ‘ए’ सिनेमाला. यूएपुढचा आकडा आईवडिलांच्या माहितीसाठी आहे. पाळायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांवरच्या मुलाचं तिकीट लागतं, तेव्हा ते आत आल्यानं थिएटरवाल्याचं नुकसान होत नाही. थोडक्यात, चाळणी लावायची ती घरातच.

आणि घरातली चाळणी बहुतेक वेळा विषयाची असते. देवाचा पिक्चर आहे, इतिहासाचा आहे, कार्टून आहे, मग मुलांना न्यायला काय हरकत? ‘छावा’च्या बाबतीत तर ही भावना अगदी समजण्यासारखी. संभाजी महाराजांचा शेवट महाराष्ट्रातल्या मुलांच्या कानावर लहानपणीच पडतो. पण पाठ्यपुस्तक जे एका वाक्यात सांगून पुढे जातं, ते कॅमेरा जवळून आणि सावकाश दाखवतो. तापलेल्या सळया, डोळे, जीभ, जखमांवर मीठ. मोठ्या माणसाला त्यात धैर्य दिसतं. सहा वर्षांच्या मुलाला सळई दिसते.

मुलांना पडद्यावरच्या कशाची भीती वाटते, यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा आणि ग्लेन स्पार्क्स यांचा एक अभ्यास ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या टीव्ही मालिकेवर होता. साधासुधा डॉक्टर रागावला की हिरवा राक्षस होतो आणि अडचणीतल्या माणसाला वाचवतो. मोठी मुलं घाबरायची ती माणूस संकटात सापडला की. हल्क आला की त्यांना हायसं वाटायचं. लहानग्यांचं नेमकं उलट. ज्या क्षणी तो चांगला माणूस फुगत, हिरवा होत बदलायचा, तिथेच त्यांची गाळण उडायची. तो आपल्या बाजूचा आहे, हे कितीही समजावलं तरी उपयोग नाही. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला भितं, आवाजाला भितं, अचानक बदललेल्या चेहऱ्याला भितं. त्यानंतर ते ‘असं खरंच होऊ शकतं’ याला भ्यायला लागतं.

उपायही वयाप्रमाणे बदलतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘अरे, तो रंग आहे, नट घरी जाऊन जेवला असेल’ असं सांगितलं की बरंचसं काम होतं. चार वर्षांच्या मुलापुढे हे शब्द वाऱ्यावर जातात. त्याला मांडीवर घ्यावं लागतं, हात धरावा लागतो, पाण्याची बाटली तोंडाला लावावी लागते. ऐतिहासिक सिनेमात तर मोठ्या मुलासाठीचा रस्ताही बंद होतो. ‘हे खरंच झालं होतं का?’ असं पोरानं विचारलं, तर उत्तर ‘हो’ असंच द्यावं लागतं. म्हणून ‘आपलाच इतिहास आहे’ हे कारण लहान मुलाला न्यायच्या बाजूचं नाही. ते थोडं थांबायच्या बाजूचं आहे.

कार्टूनचंही तसंच. ‘द लायन किंग’ बघून आलेल्या मुलानं दोन दिवस बाबांना ऑफिसला सोडू नये, यात नवल काही नाही; बाप मुफासा पडतो तो पोराच्या डोळ्यांदेखत. २०२५ मध्येच ‘महावतार नरसिंह’ या ॲनिमेशनपटाला घराघरांतून गर्दी झाली. खांबातून नरसिंह येणार आणि हिरण्यकशिपूचं पोट फाडणार, ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकताना मूल आजीला चिकटून बसलेलं असतं. पोर फार घाबरलं तर आजी ती गोष्ट आवरती घेते. पडदा आवरतं घेत नाही.

मग लहान मुलाला घेऊन बघायचं तरी काय? इथे मराठी सिनेमाची बाजू भक्कम आहे. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ च्या बालदिनी आला. पंढरपुरातलं घर, कर्जापायी जप्त झालेलं आईचं विणकामाचं मशीन, विकायला निघालेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल, आणि ती वाचवायला ऐन कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडणारी भावंडं. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पोरांच्या तोंडी दोन-चार शिव्या आहेत खऱ्या, पण त्या शाळेच्या व्हॅनमध्ये ऐकू येणाऱ्यांपेक्षा जास्त नाहीत.

सुधाकर रेड्डी यक्कंटींचा ‘नाळ’ (२०१८) घरी आल्यावरही चालू राहतो. त्यातल्या चैत्याला एक दिवस कळतं की आपली आई ही आपली जन्मदाती नाही. अडीच-तीन वर्षांचं पोर त्यात म्हैस आणि नदी बघतं आणि खूश होतं. सहा-सात वर्षांचं पोर रात्री अंथरुणात विचारतं, ‘मला कुठून आणलं?’ या प्रश्नाची तयारी ठेवून जावं. आईनं हसून ‘बोहारणीकडून घेतलं’ म्हणायची जुनी थट्टा त्या रात्रीपुरती तरी बाजूला ठेवलेली बरी. ‘नाळ २’ला २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला आणि त्यातले तिन्ही बालकलाकारही पुरस्काराचे मानकरी ठरले. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळानं क्रिस्टल बेअर दिलं. पण तो संथ पिक्चर आहे, वडील गेलेल्या मुलाचं एकटेपण सांगणारा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाबरोबर बघावा. पाच वर्षांचं मूल पंधराव्या मिनिटाला ‘कधी संपणार’ विचारेल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

थिएटरातल्या गोष्टी साध्या आहेत, पण तिकीट काढताना नेमक्या विसरतात. रात्री नऊचा शो लहान मुलासाठी नाहीच. कडेच्या खुर्च्या घ्याव्या, म्हणजे बाथरूमसाठी सहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. एसी कडक असतो, स्वेटर हवा. आवाज मोठा असतो, म्हणून स्पीकरखालच्या आणि पुढच्या रांगा टाळाव्या. खाऊची पिशवी दारात काढून घेतील, ही धास्ती मात्र नको. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे पदार्थ रोखायचा थिएटरवाल्यांचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या-लहानग्यांसाठी पालकांनी आणलेलं बेताचं खाणं आत येऊ द्यायचं, हेही त्यात आलं. तेव्हा तुपाची पोळी किंवा मऊ भाताचा डबा निःशंकपणे न्यावा.

आपल्या सिनेमाला इंटरव्हल असतं, ही बालबच्चेवाल्या घरांवर मोठीच मेहेरबानी आहे. पूर्वी जत्रेतल्या तंबूत मूल सतरंजीवर झोपून जायचं आणि प्रश्न मिटायचा. मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत ती सोय नाही. म्हणून मध्यंतरात पोराला सरळ विचारावं, ‘पुढचं बघायचं का?’ नाही म्हणालं तर उठावं. चारशे-पाचशे रुपये गेले म्हणून उरलेला सव्वा तास कानावर हात ठेवून बसलेल्या मुलाला धरून ठेवणं, हा हिशेब फायद्याचा नाही.

घरच्या पडद्यावर पर्याय जास्त आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवाल्यांनी वयाची खूण दाखवायची आणि यूए १३+ व त्यापुढच्या मजकुराला पालकांनी कुलूप लावायची सोय द्यायची, असं बंधन आहे. सोय असते, लावलेली नसते. शिवाय भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. म्हणजे चार वर्षांच्या मुलाबरोबर दोन तासांचा सिनेमा घरी बघायचा, तर तो दोन दिवसांत वाटून बघावा. पोराला अर्ध्यात थांबण्याचं काही वाटत नाही, मोठ्यांनाच चुटपुट लागते. रिमोट हाताशी असला की थांबवून बोलताही येतं, आणि शेजारी बसून बोलणं हाच खरा फरक आहे. मूल टीव्हीपुढे आणि आई-बाबा आपापल्या फोनमध्ये, याला एकत्र बघणं म्हणत नाहीत.

तरी पहिला पिक्चर मोठ्या पडद्यावरचा असावा, आणि तो मराठी असला तर उत्तम. पाच वर्षांच्या मुलाला खालची अक्षरं वाचता येत नाहीत आणि इंग्रजी पळतं फार. शेजारच्या खुर्चीवरून बाबांना कानात भाषांतर करत बसावं लागत नाही, हा मराठीचा रोकडा फायदा. ट्रेलर आधी मोठ्यांनी बघावा, ॲपवर नावाजवळचा आकडा बघावा, आणि जमलं तर कुणी बघून आलेल्याला विचारावं. असे लहान मराठी सिनेमे थिएटरात फार टिकत नाहीत, आणि दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या वेळेचा शो उरेलच याचा भरवसा नसतो. न्यायचं ठरलं असेल, तर पहिल्याच शनिवार-रविवारी न्या.