सीडी लिहायला 'रूट' कशाला?

स्नेहसंमेलनाच्या फोटोंची सीडी करायची म्हटली की मुले आमच्याकडे लिनक्सचा रूट पासवर्ड मागतात. रूट म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. त्याच्या नावाने एक आज्ञा चुकली, तर शाळेची निकालपत्रकेही पुसली जातील. म्हणून तो आम्ही देत नाही.

पूर्वी 'सीडीरेकॉर्ड' रूटनेच चालवत, तेही उगीच नव्हे. माहितीचा ओघ मध्येच तुटला की सीडी वाया जाई. त्यासाठी प्रोसेसरवर पहिला हक्क लागे. २००४ साली कर्नल २.६.८ ने तर साध्या वापरकर्त्याच्या काही आज्ञाच अडवल्या! ओघ तुटला तरी सांधून घेणारे ड्राइव्ह मात्र त्याआधीच आले होते.

आता डेबियन किंवा उबुंटूवर शिक्षकांनी विद्यार्थ्याचे खाते 'सीडीरॉम' गटात एकदाच घालावे. विद्यार्थ्याने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे आणि 'के-थ्री-बी' उघडावे. जुन्या मशीनवर वेग मात्र कमीच ठेवावा.