मिस्टर अँड मिसेस अँड्रूझ

रोकोको काळातील एक विख्यात इंग्रज दांपत्यचित्र. चित्रकार टॉमस गेन्झबरो (१७२७–८८). काळ सु. १७५०. कॅनव्हासवरील तैलरंग, आकारमान ६९.८ × ११९.४ सेंमी. सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत.

चित्रातील रॉबर्ट अँड्रूझ व फ्रान्सिस कार्टर यांचा विवाह नोव्हेंबर १७४८ मध्ये सफक परगण्यातील सडबरी या गावी झाला. गेन्झबरोचे जन्मगावही तेच. पार्श्वभूमीस दिसते ती सडबरीजवळील ‘ऑबेरीझ’ ही अँड्रूझ यांची जहागीर. डावीकडे ओक वृक्षाखाली वळणदार नक्षीच्या बाकावर निळ्या घेरदार पोशाखातील फ्रान्सिस ताठ बसली आहे. शेजारी काखेत बंदूक धरून रॉबर्ट सैलपणे उभा आहे व त्याच्या पायाशी शिकारी कुत्रा आहे. बाकाची वळणे आणि पोशाखाची चकाकी यांत फ्रेंच रोकोको वळण स्पष्ट जाणवते. लंडनमध्ये ग्राव्हलो या फ्रेंच चित्रकाराच्या सहवासात गेन्झबरोने ते आत्मसात केले होते. आकृत्या मात्र काहीशा बाहुल्यांसारख्या वाटतात.

चित्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. दांपत्य एका बाजूस सारून निम्म्याहून अधिक जागा भूमीला दिली आहे. कापणी झालेल्या शेतातील पेंढ्या, सरळ ओळींत उरलेली धसकटे, कुंपणाआड चरणारी मेंढरे, दूरवरची झाडी आणि पावसाळी ढग हे सर्व प्रत्यक्ष पाहून टिपल्यासारखे आहे. धसकटांच्या त्या ओळी बी पेरण्याच्या यंत्राच्या, म्हणजे तत्कालीन सुधारित शेतीच्या, निदर्शक होत. एवढ्या शेतात शेतमजूर मात्र एकही नाही. बंदूकही निव्वळ शोभेची नव्हे. १६७१ च्या इंग्लिश कायद्यान्वये शिकारीचा अधिकार मुख्यतः ठराविक उत्पन्नाच्या जमीनदारांपुरता मर्यादित होता.

जॉन बर्जर या समीक्षकाने १९७२ मध्ये हे चित्र मालकीहक्काच्या अभिमानाचे द्योतक ठरविले. लॉरेन्स गोइंग यांनी हा अर्थ अमान्य करून निसर्गातील निर्मळ आनंदावर भर दिला. वस्तुतः या दोन्ही गोष्टी चित्रात एकत्र नांदतात. गेन्झबरोचा ओढा निसर्गचित्रणाकडे होता. पुढे व्यक्तिचित्रांचा त्याला कंटाळा आला, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. उपजीविका मात्र व्यक्तिचित्रांवरच होती. येथे ग्राहकाची जमीनच विषय झाल्याने त्याला दोन्ही साधता आले.

फ्रान्सिसच्या मांडीवरील एक भाग रंगविलाच गेलेला नाही. तेथे शिकार केलेला पक्षी, पुस्तक किंवा पुढे जन्मणारे मूल दाखवावयाचे असावे, असे तर्क केले जातात. त्यांपैकी एकही सिद्ध झालेला नाही. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या अँड्रूझ कुटुंबातच राहिले. १९२७ मध्ये इप्सविच येथील गेन्झबरो जन्मद्विशताब्दी प्रदर्शनात ते मांडल्यावर त्याचा बोलबाला झाला आणि १९६० मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले.