पिल्लाच्या अंगातला कोट

मुलांनो, थंडी वाजली की तुम्ही स्वेटर घालता आणि उकडायला लागलं की तो काढून खुंटीला टांगता. कुत्र्यामांजरांना ही सोय नाही. निसर्गानं त्यांच्या अंगावर जो कोट चढवून दिलाय, तो मे महिन्यातही अंगावरच राहतो. आणि गंमत म्हणजे जाणकार मंडळी त्या केसांना 'कोट' असंच म्हणतात!

तुमच्यापैकी कितीतरी जण घरी हट्ट करत असाल, "आई, मला पिल्लू हवंय!" मग बाबा एखाद्या रविवारी पिल्लंवाल्याकडे चौकशीला जातात. तिथला माणूस भराभर बोलू लागतो. 'प्युअर ब्रीड आहे, डबल कोट आहे, पेपर्स आहेत, पंच फेस आहे...' बाबा मान डोलावतात, तुम्हीही डोलावता. समजतं काय? फारसं काही नाही! म्हणून आज हे शब्द जरा उलगडून बघू. पिल्लू घरी आल्यावर पुढची बारा-पंधरा वर्षं सुखात जाणार की हालात, हे बरंचसं या शब्दांतच दडलेलं असतं.

पहिला शब्द 'ब्रीड', म्हणजे जात. शास्त्राच्या दृष्टीनं जगातले सगळे कुत्रे एकाच प्रजातीचे. तळहातावर मावणारा चिवावा आणि वासराएवढा ग्रेट डेन, दोघंही कुत्रेच. मग एवढा फरक कुठून आला? माणसानं केला. ज्याला जे काम हवं होतं, त्यानं त्या कामाचे कुत्रे निवडले आणि पिढ्यान् पिढ्या त्यांचीच पिल्लं वाढवली. म्हणून जातीचं नाव हे बऱ्याचदा कामाचं नाव असतं. डॅशहुंड हा जर्मन शब्द आहे. 'डॅक्स' म्हणजे बिळात राहणारा बॅजर हा प्राणी आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. त्या बिळात शिरायचं म्हणून त्याचे पाय आखूड आणि अंग लांबुळकं. रिट्रीव्हर म्हणजे शिकाऱ्यानं मारलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणून देणारा. शेफर्ड तर तुम्हांला कळलंच असेल, धनगराचा कुत्रा!

या जर्मन शेफर्डची गोष्ट मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडची जर्मनीशी लढाई जुंपली आणि इंग्रजांना जर्मन हे नावच नकोसं झालं. त्यांनी कुत्र्याचंच नाव बदललं आणि अल्सेशियन ठेवलं. तिथल्या केनेल क्लबनं जुनं नाव परत आणलं ते १९७७ साली. आपल्याकडची मोठी माणसं मात्र अजून अल्सेशियनच म्हणतात. कुत्रा तोच, बरं का!

'पेपर्स' म्हणजे वंशावळ. पिल्लाचे आईबाप, आजी-आजोबा कोण, याची नोंद. भारतात ती केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. वंशावळीवरून जात कळते, पिल्लाची तब्येत कळत नाही. तब्येत जनावरांच्या डॉक्टरांनीच सांगायची. दोन वेगळ्या जातींपासून झालेलं पिल्लू म्हणजे संकर, आणि तेही बिचारं छानच असतं. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. २०१७ साली आलेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तोवर त्याला आईचं दूध आणि भावंडांची धडपड दोन्ही हवं असतं. डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू कुणी पुढे केलं, तर तिथून सरळ परत यावं.

आता आपल्या गल्लीतला कुत्रा. त्याला आपण 'गावठी' म्हणतो आणि नाक मुरडतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'पराया डॉग' असं नाव असायचं. तुम्ही म्हणाल, पराया म्हणजे परका. पण तसं नाही. हा शब्द तमिळमधून आला. तिथं 'परै' म्हणजे ढोल, आणि ढोल वाजवणाऱ्या समाजाचं जे नाव, तेच इंग्रजांनी 'बहिष्कृत' अशा अर्थानं वापरलं आणि पुढे कुत्र्यालाही चिकटवलं. एका समाजाचं नाव असं वापरणं मला तरी बरं वाटत नाही. म्हणून आता बरेच लोक 'इंडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. इंडी कुणी मुद्दाम घडवलेला नाही, तो इथल्या उन्हापावसात टिकत टिकत तयार झाला. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपूट, चपळ अंग. आपल्या हवेला याच्याइतका शोभणारा कुत्रा शोधून सापडायचा नाही.

आपल्याकडे मुद्दाम जोपासलेल्या जाती नाहीत असं मात्र समजू नका. सोलापूर-लातूरकडच्या मुलांनी 'कारवान' हे नाव ऐकलं असेल. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, ससा दिसला की बाणासारखा सुटणारा! त्याच्यातच ज्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असते, त्याला 'पश्मी' म्हणतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. पश्मीना शाल आठवली ना? तोच शब्द. म्हणजे कोटावरून कुत्र्याला नाव देण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांकडेही होतीच की! कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली. २००५ साली आपल्या टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हा मुधोळही होता. तिकिटं जमवणाऱ्यांनी आपली वही उघडून बघावी.

आता येऊ या खऱ्या कोटाकडे. कुत्र्याच्या पाठीवरचे केस बोटांनी हळूच बाजूला करून बघा. (आधी त्याच्या मालकाला विचारा हं!) वर लांब, जरा राठ केस दिसतील. त्यांच्या मुळाशी दुसरी मऊ, दाट, फिकट लव दिसली, तर तो 'डबल कोट'. वरचे केस रेनकोटाचं काम करतात, आतली लव स्वेटरचं. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि हस्की हे सगळे डबल कोटवाले. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रात कोळ्यांबरोबर काम करायचे, तेव्हा त्यांना तो हवाच होता.

आतली लव नसेल तर तो 'सिंगल कोट'. याचं मजेदार उदाहरण म्हणजे पूडल. त्याचे कुरळे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात, म्हणून त्याला ठरावीक दिवसांनी कात्री लावावी लागते. काही टेरियरचे केस तारेसारखे राठ असतात, त्याला 'वायर कोट' म्हणतात. डॅशहुंड तर तीनही प्रकारांत मिळतो. आखूड केसांचा, लांब केसांचा आणि तारेच्या केसांचा!

हे सगळं कशासाठी सांगतेय? सायबेरियन हस्कीचं उदाहरण घ्या. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा. फोटोत बघितला की कुणालाही हवासा वाटेल. पण त्याचा कोट बर्फात गाडी ओढण्यासाठी बनलाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. शरीरातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. आता चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम! मग धापा टाकून तरी काय होणार? उष्माघातानं कुत्रा तासाभरातही दगावू शकतो. दिवसभर वातानुकूलित खोलीत ठेवू, असं कुणी म्हणेल. पण हस्की मैलोन् मैल पळणारा प्राणी आहे. कोंडलेला हस्की सुखी असेल असं मला वाटत नाही.

"मग उन्हाळ्यात त्याचा गोटा करू या!" असंही काही लोक म्हणतात. हे अजिबात करू नका. डबल कोट ऊनही अडवतो. तो भादरला की कातडी भाजते, आणि पुन्हा येणारे केस कधी कधी ठिगळासारखे येतात. त्याऐवजी रोज ब्रश करून गळणारी आतली लव काढून टाकावी, म्हणजे केसांत हवा खेळते. वर्षातून दोनदा ही लव भराभर झडते. तेव्हा घरात केसच केस होतात, त्याला आईची तयारी आहे का, हे आधीच विचारून घ्या!

१९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' चित्रपटातला पांढराशुभ्र टफी आईबाबांना नक्की आठवत असेल. लोक त्याला पॉमेरियन म्हणायचे, पण तो होता इंडियन स्पिट्झ. आपल्या हवेत रुळलेली ही जात, पण कोट डबलच. म्हणून त्यालाही सावली आणि गार पाणी हवंच.

मांजरांकडे वळू या. मांजरांच्या जाती कुत्र्यांपेक्षा खूपच कमी आणि बऱ्याचशा अलीकडच्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मोठं मांजर-प्रदर्शन भरलं, तिथपासून लोकांना जातींचं वेड लागलं. तुमच्या घरातली मनी बहुधा कुठल्याच जातीची नसणार, पण तिचा रंग मात्र वाचण्यासारखा असतो. अंगावर पट्टे आणि कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण असेल तर ती 'टॅबी'. बगदादमध्ये अत्ताबिया नावाचा मोहल्ला होता. तिथं विणल्या जाणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या रेशमी कापडावरून हे नाव आलं.

पांढरं, काळं आणि तांबूस अशा तिन्ही रंगांचं मांजर दिसलं, तर न विचारता सांगा, ही भाटी आहे, बोका नव्हे! तांबूस की काळा, हे ठरवणारा गुण एक्स या गुणसूत्रावर असतो. बोक्याजवळ एकच एक्स, म्हणून दोन्हींतला एकच रंग. भाटीजवळ दोन, म्हणून अंगावर कुठे एकाची तर कुठे दुसऱ्याची सत्ता. तिरंगी बोका फारच क्वचित जन्मतो. तांबूस रंग नेमक्या कोणत्या जनुकामुळे येतो, हे तर शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केलं!

सयामी मांजराची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरी असतात. पुढे त्यांचं नाक, कान, पंजे आणि शेपूट काळपट होतं. त्यांच्या अंगातला रंग बनवणारा पदार्थ गरमीत काम करत नाही, गारव्यात करतो. शरीराची टोकं जरा गार असतात, म्हणून रंग तिथंच चढतो.

पर्शियन मांजर म्हणजे लांब केसांचा गोळा. दुकानदार 'डॉल फेस' आणि 'पंच फेस' असे दोन प्रकार सांगतात. पंच फेस म्हणजे नाक चेहऱ्यात दबलेलं. गोड दिसतं खरं, पण नाक दबलेलं म्हणजे श्वासाची वाटही आखूड. त्याला घोरणं, डोळ्यांतून पाणी येणं, उन्हात धाप लागणं हे सोसावं लागतं. पग कुत्र्याचंही तेच. दिसण्यासाठी दुसऱ्याचा श्वास अडवायचा, हे काही मला पटत नाही.

पर्शियनला रोज विंचरलं नाही तर केसांच्या जटा होतात. त्या ओढल्या की कातडी दुखते, आणि कात्रीनं कापायला गेलं तर कातडीच कापली जाते. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यावं.

पिसवा आणि गोचिडी तर तुम्हांला माहीत आहेतच. कान, मान आणि बोटांच्या बेचक्यांत बघायचं. पण इथं मोठा धोका आहे. कुत्र्याच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषच. कुत्र्याला चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका नकोत. आणि मनीला रोज दूध-पोळी घालणाऱ्यांनो, मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. शिवाय मांजर पक्कं मांसाहारी. मांसातला टॉरिन नावाचा घटक मिळाला नाही तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडतं. घरात मांसमच्छी चालत नसेल, तर याचा विचार मांजर आणण्याआधी करावा.

लसीचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात आणि तीन महिन्यांच्या सुमाराला रेबीजची. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाचा छोटासा तुकडा कापलेला दिसला तर घाबरू नका, कुणी छळ केलेला नाही. त्याची नसबंदी करून रेबीजची लस टोचली आहे, याची ती खूण. ती लांबूनच बघायची.

आणि तरीही कुणा कुत्र्यानं किंवा मांजरानं चावलं, नुसतं ओरबाडलं, तर? आधी नळाखाली जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लगेच घरी सांगायचं आणि दवाखान्यात जायचं. आई रागावेल म्हणून ओरखडा लपवणारी मुलं असतात, तेव्हा पालकांनो, त्या दिवशी रागावू नका. रेबीज एकदा सुरू झाला की त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण वेळेवर इंजेक्शनं घेतली तर तो होतच नाही. पूर्वीसारखी पोटात चौदा सुयाही टोचत नाहीत आता. दंडात थोडीच इंजेक्शनं असतात, फक्त ठरलेल्या सगळ्या तारखांना जायचं. जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला, तेव्हा त्याच्या आईला त्याला घेऊन थेट पॅरिस गाठावं लागलं, लुई पाश्चर यांच्याकडे. तो वाचला. आज ती लस आपल्याकडे सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.