बिऱ्हाड विमानावर

2008 च्या जानेवारीअखेरीस लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून एक बोइंग 757 मुंबईकडे निघालं. शेपटीवर सुकलेल्या कातडीचा, कवटीसारख्या चेहऱ्याचा ‘एडी’ रंगवलेला. मागच्या बाजूच्या प्रवासी खुर्च्या काढून तिथे ड्रम्स, गिटारी, पडदे असं मिळून सुमारे 12 टन सामान कोंबलेलं; पुढे वादक, तंत्रज्ञ, मॅनेजर मंडळी आणि एक चित्रीकरण पथक. कॅप्टनच्या खुर्चीत ब्रूस डिकिन्सन होता. मुंबईत उतरल्यावर टोपी काढून तोच माइकसमोर उभा राहणार होता, कारण एडी ज्याचा शुभंकर, त्या ‘आयर्न मेडन’ या रॉक बँडचा तो गायक आणि अ‍ॅस्ट्रेअस या विमान कंपनीचा रीतसर नोकरीतला वैमानिकही. 1 फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर पहिला कार्यक्रम झाला. तिथून पुढे पर्थ, मग जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, बोगोटा, साओ पावलो करत टोरांटोपर्यंत: 45 दिवसांत 23 कार्यक्रम.

एवढ्या दौऱ्याचा नारळ मुंबईत का फुटावा? एक तर ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर भारत लागतो. पण त्याआधी मार्च 2007 मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडन पहिल्यांदा भारतात वाजले होते आणि पुढ्यातली पोरं प्रत्येक गाणं शब्दन् शब्द म्हणताहेत, हे त्यांनी पाहिलं होतं. मुंबईत तर हे पीक जुनंच. धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ला घसा फोडून ओरडणारी, एकाच कॅसेटवरून दहा कॅसेटी करून घेणारी, पुस्तकांआड एडीचं पोस्टर लपवणारी एक पिढी इथे वाढली होती. ज्या बँडचा आवाज आपल्यापर्यंत चौथ्या-पाचव्या नकलेतून, खरखरत पोचला, तो बँड समोर उभा राहील असं त्यातल्या फार थोड्यांना वाटलं असेल.

रॉकमध्ये मेडनपेक्षा प्रतिभावान बँड पुष्कळ झाले, असं माझं प्रामाणिक मत आहे. इतकी नेटकी चालवलेली कंपनी मात्र क्वचितच सापडेल. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचा कारभार ज्यांनी वाचलाय त्यांना ही घडी ओळखीची वाटेल. मालक एक, आणि तो स्वतः रंगमंचावर उभा राहणारा. बिऱ्हाड कायम फिरतं. नट येतात-जातात, पण पाटी तीच, आणि खेळ ठरल्या वेळी उभा राहणार म्हणजे राहणार.

मालकाचं नाव स्टीव्ह हॅरिस. पूर्व लंडनच्या लेटनस्टोन भागातला, वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा कट्टर भक्त, पोटापाण्यासाठी वास्तुविशारदाच्या कचेरीत आराखडे काढणारा. 1975 च्या नाताळात त्यानं बँड सुरू केला आणि स्ट्रॅटफर्डचा ‘कार्ट अँड हॉर्सेस’, ईस्ट हॅमचा ‘रस्किन आर्म्स’ अशा पबांतून तो वाजवू लागला. बाकीचे बेसवाले मागे उभे राहून ठेका धरतात. हॅरिस पुढे येतो, एक पाय स्पीकरवर ठेवतो आणि गिटारीची नळी बंदुकीसारखी गर्दीवर रोखतो. नखी वापरत नाही. उजव्या हाताच्या बोटांनी एक लांब आणि दोन आखूड असे ठोके सलग काढत राहतो, त्यातून दौडत्या टापांचा तो प्रसिद्ध ठेका उभा राहतो. क्रायमियाच्या युद्धातल्या घोडदळावरचं ‘द ट्रूपर’ ऐकताना हा ठेका सजावट वाटत नाही, तेच गाण्याचं कथानक होतं.

पहिलं रेकॉर्डिंग 1978 च्या वर्षअखेरीस केंब्रिजच्या एका स्टुडिओत झालं. मूळ टेप सोडवून घ्यायला पैसे नव्हते. पैसे जमवून परत गेले तेव्हा टेप पुसली गेली होती. हाती उरलेल्या प्रतीवरून ‘द साउंडहाउस टेप्स’ नावाची 5000 तबकड्यांची आवृत्ती काढली, ती टपालानं विकली आणि हातोहात संपली. रॉड स्मॉलवूड हा मॅनेजर याच सुमारास आला आणि मग ईएमआयशी करार झाला. तेव्हा इंग्लंडमध्ये पंकची चलती. रेडिओ बँडला फारसं वाजवणार नाही हे हॅरिस आणि स्मॉलवूड या दोघांनी लवकर ओळखलं आणि वेगळं गणित मांडलं: लोक आपल्याकडे येणार नसतील तर आपण त्यांच्या गावी जायचं.

हे गणित टोकाला गेलं ते 1984 मध्ये. ‘पॉवरस्लेव्ह’ या अल्बमचा दौरा कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमध्ये, वॉर्सात सुरू झाला. तोही सगळा सरंजाम घेऊन: इजिप्तच्या मंदिरासारखा रंगमंच, ममीच्या रूपातला अवाढव्य एडी, आतषबाजी. पोझ्नानमध्ये कुणाचं तरी लग्न चाललं होतं, तिथे ही मंडळी शिरली आणि लग्नाच्या बँडचीच वाद्यं घेऊन ‘डीप पर्पल’चं एक गाणं वाजवून आली. त्याचं चित्रण आहे. वऱ्हाडी मंडळींचे चेहरे मुद्दाम पाहण्यासारखे आहेत.

पण तो दौरा अकरा महिने चालला, 180 हून अधिक कार्यक्रम झाले आणि माणसं पिळून निघाली. डिकिन्सननं पुढच्या अल्बमसाठी शांत, साध्या गिटारीवरची गाणी आणली. ती सरसकट नाकारली गेली. 1986 च्या ‘समव्हेअर इन टाइम’वर गीतकार म्हणून त्याचं नाव एकदाही नाही. कंपनीत मालक कोण, हे त्या अल्बमच्या वेष्टनावरच वाचता येतं.

ध्वनिमुद्रणातला कडक मास्तर म्हणजे निर्माता मार्टिन बर्च. 1981 च्या ‘किलर्स’पासून 1992 च्या ‘फिअर ऑफ द डार्क’पर्यंत तो होता. डिकिन्सन बँडमध्ये नवा असताना ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या गाण्याच्या पहिल्या चार ओळी बर्चनं त्याच्याकडून तासन्‌तास गाऊन घेतल्या. वैतागून गायकानं खुर्च्या फेकल्या. तो वैताग आवाजात उतरला आणि बर्चला बहुधा तेच हवं होतं. 1982 मध्ये याच नावाचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

नव्वदीचं दशक पटकन आवरतो. 1993 मध्ये डिकिन्सन बाहेर पडला, त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, आणि जुनी गाणी मात्र मूळच्याच पट्टीत वाजत राहिली. त्यात त्या बिचाऱ्याचे हाल झाले. अल्बम दोन निघाले, सभागृहं लहान होत गेली. 1999 मध्ये डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ परतले. स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सला काढायचं नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून या बँडमध्ये तीन गिटारी आहेत. तीन कशाला, असा प्रश्न मला आजही पडतो.

नंतरचे अल्बम वेगळ्या रीतीनं होतात. सगळे एकत्र उभे राहून वाजवतात, काही वेळा पॅरिसच्या गियोम तेल स्टुडिओत. ‘सेन्जुत्सू’ या अल्बमच्या वेळी तर एक गाणं बसवायचं, लगेच रेकॉर्ड करायचं, मग पुढचं, असा क्रम होता. त्यामुळे ताजेपणा येतो. पण कात्री चालवणारा बर्च नाही हेही जाणवतं. दहा-दहा मिनिटांची गाणी सर्रास आहेत, त्यातली निम्मी सहा मिनिटांत आटोपली असती. याला ठळक अपवाद म्हणजे 2015 च्या ‘द बुक ऑफ सोल्स’मधलं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’. डिकिन्सननं पियानोवर बांधलेलं हे गाणं 18 मिनिटांचं आहे आणि त्याचा विषय आहे ‘आर 101’ हे ब्रिटिश हवाई जहाज. ऑक्टोबर 1930 मध्ये ते इंग्लंडहून हिंदुस्थानकडे, कराचीला यायला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळालं. 48 माणसं गेली. वैमानिकानंच लिहावं असं ते गाणं आहे. त्याच सुमारास जिभेच्या कर्करोगाचे उपचार घेऊन डिकिन्सन बरा झाला आणि 2016 च्या दौऱ्यात थेट बोइंग 747 चालवत निघाला. चिलेत सान्तियागोच्या विमानतळावर हे विमान ओढून नेताना ट्रॅक्टरला धडकलं, दोन इंजिनांची नासधूस झाली, दोन कर्मचारी जखमी झाले. सामान दुसऱ्या वाटेनं अर्जेंटिनात पोचवलं आणि पुढचा कार्यक्रम ठरल्या तारखेला झाला. याच चिलेत 1992 मध्ये चर्चच्या दबावामुळे त्यांना वाजवू दिलं नव्हतं. 2011 मध्ये सान्तियागोच्याच राष्ट्रीय मैदानावर त्यांनी एक थेट अल्बम ध्वनिमुद्रित केला होता.

ड्रम्सवर 1982 च्या अखेरीपासून निको मॅकब्रेन होता. दोन पायांचं काम एकाच पेडलवर काढण्याबद्दल त्याची ख्याती. 2023 च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. तरी त्या वर्षीचा दौरा त्यानं केला. काही जलद हात जमेनासे झाले ते बदलून घेतले. 1986 पासून कधीही रंगमंचावर न वाजलेलं ‘अलेक्झांडर द ग्रेट’ याच दौऱ्यात पहिल्यांदा वाजलं. 7 डिसेंबर 2024 ला साओ पावलोत तो शेवटचं वाजवून दौऱ्यांतून निवृत्त झाला.

पन्नाशीचा दौरा 2025 च्या मे महिन्यात बुडापेस्टला ठरल्याप्रमाणे सुरू झाला. गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बमांतली, म्हणजे 1992 पर्यंतची. नव्या ड्रमरसाठी हॅरिसला शोधाशोध करावी लागली नाही. मेडनला सुट्टी असते तेव्हा तो ‘ब्रिटिश लायन’ नावाचा दुसरा बँड घेऊन चारपाचशे माणसांच्या क्लबांत वाजवत फिरतो. तिथला ड्रमर सायमन डॉसन त्यानं इकडे आणला.