एका पावसावरचे वर्ष : मूल परिसराचे ऋतुमान

दरवर्षी जानेवारी उजाडला की मूल परिसरातील अनेक घरांना कुलुपे लागतात. धानाची मळणी आटोपलेली असते आणि आईवडील मिरची तोडणीसाठी तेलंगणाची वाट धरतात. मुलांचे शिक्षण कसे टिकावे, हा प्रश्न त्याच वेळी उभा राहतो. आपल्यासारख्या निवासी शाळेची निकड जाणून घ्यायची असेल, तर या भागाचे ऋतुमान आधी समजून घ्यावे लागते.

मूल हे वैनगंगेच्या खोऱ्यात, उमा नदीच्या परिसरात वसलेले आहे. समुद्र दूर असल्यामुळे येथे उष्मा व थंडी दोन्ही तीव्र असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येतो. अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांतील बाष्पाचा मोठा वाटा सह्याद्रीवरच रिता होतो. आपल्याकडील दमदार पाऊस प्रामुख्याने बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. म्हणूनच बुलढाण्याकडे वर्षाला ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होत असताना चंद्रपूर जिल्ह्यात तो सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास असतो.

एवढा पाऊस पडूनही स्थलांतर का घडते? कारण पाऊस किती पडतो यापेक्षा तो केव्हा पडतो, यावर धान अवलंबून असते. मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते आणि धान निसवताना बांधीत पाणी लागते. त्या पंधरवड्यात पावसाने ओढ दिली, तर चांगल्या पावसाच्या वर्षीही लोंबी पोचट राहते. १५-१६ ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो, तोवर मोसमी पाऊस बहुधा परतलेला असतो. पुढे जमिनीतील ओलीवर लाखोळीसारखे पीक निघते. मात्र त्यावर घर चालत नाही.

ही उणीव ओळखूनच पूर्वी गावोगाव बोड्या आणि तलाव बांधले गेले. त्यांतील मालगुजारी काळातील तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. पाळ खचली, गाळ साचला, की त्यांची साठवण घटते. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा आसोलामेंढा तलावाशी जोडण्यामागेही हेच गणित आहे : चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांना पुरवावे.

१९२७ मध्ये महाडला पाण्यावरील समान हक्क मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना नद्यांच्या पाण्याचे नियोजन करीत होते. पाणी ही संपत्ती आहे आणि ती साठवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. हक्क आणि साठवण या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत तलावातील गाळाचा आणि पाणीवाटपाचा प्रश्न अवश्य मांडावा. तलावात पाणी टिकले तर उन्हाळ्यातही गावातच काम मिळेल. तेव्हा मूल निवासी शाळेत येईल ते शिक्षणाच्या ओढीने, घराला कुलूप लागले म्हणून नव्हे.