मातेचे लसीकरण आणि स्तन्य

शतावरी कल्प नेण्यास आलेली गर्भिणी ‘इन्फ्लुएन्झाची लस घेतली तर बाळाला दूध बाधेल का?’ असे विचारते, तेव्हा आपले उत्तर निःसंदिग्ध असावे. बांगलादेशात २००४-०५ मध्ये गर्भिणींना ही लस देण्यात आली होती. त्यांच्या स्तन्यात या रोगाविरुद्धचे ‘आयजीए’ प्रतिपिंड प्रसूतीनंतर किमान सहा महिने इतर मातांपेक्षा अधिक आढळले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. सहा महिन्यांखालील बालकास ही लस देता येत नाही. म्हणूनच मातेकडून लाभणारे संरक्षण मोलाचे ठरते. शतावरी स्तन्यवृद्धीसाठी आपण योजतो. परंतु हे विशिष्ट प्रतिपिंड तिच्याकडून अपेक्षिता येत नाहीत. आमच्या मते, कल्पाच्या डब्यासोबत लसीचा सल्लाही द्यावा आणि स्तनपान निःशंकपणे सुरू ठेवण्यास सांगावे.