वेळ पाळणारा संगणक

तिळारी धरणाचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली व बारदेश या तालुक्यांत येते. कालव्याच्या दाराशी बसविलेल्या संगणकाने दार उतरविण्याची आज्ञा अर्धा सेकंद उशिरा दिली, तरी त्याने भातशेतीचे काही बिघडत नाही. परंतु डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी आखलेल्या वसाहतीत, एखाद्या छोट्या कारखानदाराने कापयंत्र लिनक्सवर चालविण्याचे योजिले, तर गोष्ट वेगळी होते. स्टेपर मोटरला आज्ञेचे ठोके ठरल्या अंतराने मिळाले नाहीत, तर ती पाऊल चुकते. पुढचा सारा काप तेवढा सरकतो आणि दिवसभराच्या श्रमाचा तुकडा भंगारात पडतो.

अशा वेळी अधिक वेगवान संगणक विकत घेण्याकडे मनाचा ओढा असतो. तो बहुधा व्यर्थ ठरतो. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट एकदा सुटली, म्हणजे मागाहून आलेल्या रुग्णवाहिकेलाही ती परत येईपर्यंत तिष्ठावे लागते; बोटीचे यंत्र कितीही दणकट असो. साध्या लिनक्सच्या गाभ्यातही हाती घेतलेली काही कामे मध्येच सोडता येत नाहीत. सरासरी वेग उत्तम असतो, पण क्वचित येणारा एखादा विलंब घात करतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला असा की, लिनक्सच्या खाली एक छोटा स्वतंत्र गाभा बसवावा आणि निकडीचे काम त्याच्याकडे द्यावे. व्हिक्टर योडायकेन व मायकेल बाराबानोव्ह यांचे आरटीलिनक्स, मिलानच्या तंत्रविद्यापीठातील आरटीएआय आणि फिलिप जेरम यांचे झेनोमाय ही या घराण्यातील होत. दुसरा उपाय म्हणजे लिनक्सचा गाभाच जवळजवळ कोठेही थांबविता येईल असा करणे. प्रीएम्प्ट-आरटी या नावाचे हे काम इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर प्रभृतींनी सुमारे वीस वर्षे मूळ गाभ्याबाहेर राहून वाढविले. २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत ते मूळ लिनक्समध्येच सामील झाले.

छोट्या कारखानदाराने आज दुसराच मार्ग धरावा. पहिल्यात विलंब आणखी कमी होतो खरा, पण नव्या आवृत्तीबरोबर जोडकाम नव्याने जुळवावे लागते, आणि ते जाणणारा माणूस शेजारी मिळेलच असे नाही.

तथापि निवडीपूर्वी मोजमाप हवे. सायक्लिकटेस्ट ही चाचणी त्याच यंत्रावर, इतर कामांचा पूर्ण भार घालून, रात्रभर चालवावी आणि सरासरी न पाहता सर्वांत मोठा आकडा पाहावा. मोटरचे ठोके संगणकच देणार असेल, तर १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आतील विलंब उत्तम. तो १०० च्या वर गेला, तर तो संगणक त्या कामाचा नव्हे. कधी कधी दोष गाभ्याचा नसतोच. मदरबोर्डवरील अंगभूत आज्ञावली मध्येच सारे काम रोखून धरते. मग ठोके देण्याचे काम एका वेगळ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीकडे सोपवावे. संगणकाने मिलिसेकंदागणिक तिला सूचना दिल्या, तरी भागते.